प्रश्न उद्भवत नाही

शाळेचं छत कोसळलं आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या ताईचा एक पाय गुडघ्यापासून गेला. तिचा धाकटा भाऊ तेव्हा विरोधी पक्षाचा आमदार होता. "ताई, उद्या टीव्ही लाव, बघ कसा धुतो एकेकाला!" असं फोनवर सांगून त्यानं दुसऱ्या दिवशी विधानसभा डोक्यावर घेतली. "छत कोसळले, हे खरे आहे काय? शिक्षिकेने पाय गमावला, हे खरे आहे काय? असल्यास, भरपाई कधी देणार?"

उत्तर काही मिळालं नाही, पण त्या एका भाषणावर तो पुढची निवडणूक आरामात जिंकला. मग वर्षभरातच पलीकडच्या बाकांवर जाऊन बसला, तो थेट शिक्षणमंत्री होऊनच.

ताई हरखली. नवऱ्याला म्हणाली, "आता उत्तर घरातच आहे हो."

या अधिवेशनात विरोधकांनी धाकट्याचाच जुना प्रश्न काना-मात्रा न बदलता विचारला. या वेळी त्याचा फोन आला नाही. तरी ताईनं कामावर निघालेल्या नवऱ्याला हौसेनं टीव्ही लावून द्यायला सांगितलं.

धाकटा उठला, चष्मा लावला आणि हातातला कागद वाचू लागला. "छत कोसळले, हे खरे नाही. सबब, शिक्षिकेच्या पायाचा प्रश्न उद्भवत नाही."

सत्ताधाऱ्यांनी दणादणा बाकं वाजवली.



ताईला टीव्ही बंद करायचा होता. पण रिमोट चार पावलांवरच्या टेबलावर होता आणि कुबडी आतल्या खोलीत.