हाताला लागलेलं

दवाखान्यात बाईजाने नवऱ्याच्या, देवजीच्या कपाळाला अंगारा लावला, त्याच्या दंडावरून हात फिरवला आणि रोजच्या सवयीने शेजारच्या खाटेकडे वळली.

तिथे खर्डीकडची हिरी होती. कापणीत साप चावलेली, शाळकरी पोर. विष उतरलं होतं, पण श्वास अजून नळीनेच चालला होता. आई घरी ओली बाळंतीण. बाप कमळू जमेल तसा यायचा. म्हणून बाईजा नवऱ्याला भेटून झालं की पोरीच्या केसांतून हात फिरवी. पोर डोळे मिटून घेई.

आज जया सिस्टर मध्ये आली. "आजी, थांबा. तिला हात लावू नका."

"का गो?"

"देवजीबाबांच्या अंगावर एक जंतू सापडलाय. इथलाच, दवाखान्यातला. बाबांना त्याचा काही त्रास नाही, नुसता अंगावर बसून आहे. पण तोच आता हिरीच्या छातीत गेलाय. कालपासून तिला ताप आहे तो त्याचाच."

"मंग औषध द्या की."

"देतोय. लागू पडत नाही. सगळी औषधं पचवून बसलाय तो."

बाईजाने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. बोटांना अंगारा होता. "माझ्या हातानं गेला?"

जया स्टुलावर बसली. तिची कामाची पाळी कधीच संपली होती, बदली सिस्टर आली नव्हती. "तुमच्या असेल. माझ्या असेल, डॉक्टरांच्या असेल. कसं कळणार? या खाटेवरून त्या खाटेवर धावताना दर वेळी हात धुतले, असं मला तरी कुठं सांगता येतंय."

बाईजा बाहेर आली. नळाखाली हात धुतले, पदराला पुसले, मग पदराकडे पाहून पुन्हा धुतले. बाकड्यावर टेकली, तोच कमळू आला.

"काकी, तुमी तिच्यापाशी असता," तो म्हणाला, "म्हणून मला घरी झोप तरी लागते."

तिने मान वर न करता त्याला सगळं सांगितलं. जयाने सांगितलं तेवढं, आणि जयाने न सांगितलेलं की आपण रोज देवजीला हात लावून तसंच पोरीला लावत होतो. कमळू ऐकत राहिला. रागावेल असं तिला वाटलं होतं. तो नुसता भिंतीला टेकला.

"मंग तिला आता हात कोण लावील?"

"तू लाव. पण आदी धुऊन जा."

ती त्याला नळाशी घेऊन गेली. कोपरापर्यंत साबण लावायला लावला, नखं घासायला लावली. तो आत गेला. ती दारातच थांबली. धुतलेल्या हातांवरही आता तिचा भरवसा उरला नव्हता.

कमळूने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. हिरीने डोळे उघडले. बापाकडे पाहिलं, मग त्याच्या मागे, दाराकडे. चादरीवरची बोटं जराशी हलली.

"काकी," कमळू म्हणाला, "ती तुमालाच बघते."

बाईजाने दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले.

"मी हाय गो, हिरे," ती दारातूनच म्हणाली. "कुठं नाय जात. नीज तू."