हाकेचं स्पेलिंग

"प्लीज कम हिअर," यंत्र म्हणालं. बायको आली, उशी सरळ केली, पाण्याचा पेला हाताशी ठेवला आणि आली तशी निघाली.

"थँक यू," यंत्र तिच्या पाठीला म्हणालं.

सरांना त्या आवाजाची अस्सल चीड होती. टाय लावून मुलाखतीला आलेल्या पोरासारखा आवाज! अर्धांगाच्या झटक्याने सरांची वाचा गेली, उजवा हात गेला. मग दवाखान्यातल्या बाईंनी ही पाटीएवढी वस्तू दिली. डाव्या बोटाने टाइप करायचं, बोलायचं काम ती करणार, आणि तेही फक्त इंग्रजीत. "सर इंग्रजीचे प्राध्यापक ना, म्हणून मुद्दाम इंग्रजीचंच निवडलं," बाई कौतुकाने म्हणाल्या होत्या. मराठी बोलणारं महिन्याने मिळेल म्हणे. झालं! सरांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं खरं, पण भांडले मराठीत, चहा मागितला मराठीत. उंबऱ्याच्या आत इंग्रजी फाडायचं नाही, हा बायकोचा कायदा होता.

वाचा गेली तरी कान शाबूत होते. सकाळी ती लेकीशी फोनवर बोलत होती. "उद्यापासून यांचं करायला बाई ठेव. मला नाही जमत ते. अगं, कुणी परका माणूस मला बोलावतो काय, आभार मानतो काय. मी काय हॉटेलात कामाला आहे?"

तेव्हापासून सरांच्या जिवाला चैन नव्हतं. बाई उद्या येणार. एकदा ती आली की बायको या खोलीत कशाला पाऊल टाकते? जे करायचं ते आजच. बायकोला हाक मारायची, रोजची हाक. लग्न झाल्यापासून त्यांनी तिला नावाने कधी बोलावलंच नव्हतं. अगं म्हटलं की काम भागायचं.

त्यांनी ए, जी, ए ही अक्षरं दाबली.

"आगा," यंत्र म्हणालं. बाहेर सामसूम. आगा कोण, हे तिला तरी काय ठाऊक!

शेवटचा ए काढून त्यांनी आणखी एक जी लावला. "ॲग!"

बाहेर भांडी वाजली आणि थोड्या वेळाने बायको वाटीत उकडलेलं अंडं घेऊन आली. "सकाळी एक झालंय. आता हे शेवटचं." सरांनी जोरजोरात मान हलवली, डावं बोट हवेत नाचवलं. "नको होतं तर मागितलं कशाला?" वाटी टेबलावर आदळून ती वळली.

सरांनी अक्षरं पुसली. 'अ'चा उच्चार इंग्रजीत कुठल्या अक्षरांनी आणायचा? हाच प्रश्न तोंडी परीक्षेत विचारून त्यांनी किती जणांना रडवलं होतं. त्यांनी यू, एच, जी एवढी अक्षरं लिहिली. पण यंत्र पडलं अतिशहाणं. मालकाचं स्पेलिंग चुकलं असं समजून त्याने अक्षरं परस्पर इकडची तिकडे केली आणि खणखणीत आवाजात म्हणालं, "हग!"

हा शब्द धड्यात आला की मागची बाकं तोंडात रुमाल कोंबायची. सर टेबलावर डस्टर आपटून ओरडायचे, "मिठी! मूर्खांनो, मिठी!" आता कोण ओरडणार? बायको अजून दारातच होती. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"शोभतं का हो हे?" ती म्हणाली. "एवढं करून आता हेच ऐकायचं राहिलं होतं?"

तिने दार ओढून घेतलं. बाहेरून कडी लागली. दिवसाउजेडी त्या दाराला कधी कुणी कडी घातली नव्हती.

सरांच्या घशातून "ब्ब, ब्ब" एवढंच निघालं. त्यांना रडू फुटलं. तसंच, डाव्या बाहीने डोळे पुसत, त्यांनी पुन्हा पाटी पुढे ओढली. "कानाने लिहू नका, डोळ्यांनी लिहा," असं वर्गात सांगत आले होते ते. स्पेलिंग चुकलं की अर्धा मार्क गेलाच, दयामाया नाही. आता त्यांनी डोळे मिटले आणि नुसत्या कानाने लिहिलं. यू, एच, जी, यू, एच. यंत्राने ताबडतोब खाली लाल रेघ मारली आणि तीन बरोबर शब्द पुढे केले. सरांनी तिन्ही नाकारले. आवाज होता तेवढा मोठा केला. आणि बोट बोलायच्या कळीवर टेकवलं.

"अगऽ!"

जरासा परदेशी, नाकातून आलेला. पण अगं.

"ओऽ, आले!" बाहेरून आवाज आला.

मग भांडी घासायचा आवाज एकदम थांबला. कडी निघाली. साबणाचे हात तसेच धरून बायको दारात उभी राहिली. तिने यंत्राकडे पाहिलं, मग सरांकडे.

"तुम्ही?"

सरांनी मान डोलावली. तिचे डोळे भरून आले, पण आवाजातला तोरा काही तिने सोडला नाही.

"बोला. काय पाहिजे?"

सर गडबडले. पुढचं काही त्यांनी ठरवलंच नव्हतं. पुढचं लिहायचं तर पुन्हा इंग्रजी, आणि इंग्रजी सुरू झालं की ही निघाली. त्यांनी तीच कळ परत दाबली.

"अगऽ."

"ओ," ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर बसली.