थांबायचं निमित्त

पोलिओने एक पाय वाळलेली फेलिसिदाद १९८६ साली प्रवाळ वाचवण्याचं काम शिकायला मॉरिशसला गेली आणि वर्षभराने मालवणजवळच्या आपल्या गावी परतली. रविवारी मिसाला जाताना, चर्चचा चढ चढता चढता, ती आईला तिकडच्या गोष्टी सांगत होती. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरलं की तिचा पाय आड येत नसे. ती सगळ्यांच्या पुढे. तिच्या जोडीचा धडधाकट पियेर मात्र लवकर दमायचा. त्याला लाज वाटू नये म्हणून ती मध्येच थांबायची आणि डोळ्यांवरची काच सैल झाल्याचं सोंग करायची.

सांगता सांगता ती चढावरच थांबली.

लहानपणी दर रविवारी याच चढावर आग्नेस, तिची आई, चार-चार वेळा खाली बसायची. "माका दम लागलो गो," म्हणायची. तुझ्यामुळे मिसाला उशीर होतो म्हणून फेलिसिदाद तिच्यावर रागवायची. आणि तीच आई डोक्यावर नारळांची पाटी घेऊन कट्टा गावचा बाजार एका दमात गाठायची.

"मांय गे," फेलिसिदादने हळूच विचारलं, "तेवा तुका खरोच दम लागायचो?"

आग्नेस हसली. लेकीचा दंड धरून ती वाटेकडेच्या दगडावर टेकली.

"तेवा नाय गो," ती म्हणाली. "आता लागता."