सशाचंच रक्त

मोरीत, अजून कुणाला न सापडलेला, हिरडीसकट निघालेला दात. अर्धवट कुरतडलेलं गाजर. घासूनपुसून खुंटीला अडकवलेली हातोडी. रक्ताने कडक झालेला एप्रन.

"साहेब, सशांचं रक्त काढणं हीच माझी नोकरी," प्रयोगशाळेतला पिंजरेवाला फौजदाराला म्हणाला. "बायको गेली असेल रुसून कुठेतरी. हे सशाचंच आहे, खुशाल तपासा!"

काढलेल्या रक्ताचं पुढे काय होतं, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्या सशांना माणसाचं रक्त टोचलेलं असे, म्हणून माणसाची प्रथिनं ओळखणारी प्रतिपिंडं त्यांच्या रक्तात तयार होत. पोलिसांच्या तपासणीत त्याच प्रतिपिंडांनी एप्रनवरचं रक्त ओळखलं. माणसाचं.



गेल्या वर्षी सशांना टोचायला रक्त दिलं होतं ते त्याच्या बायकोने.