पुलावर मागे कोण सरलं

पुलाच्या मधोमध प्रचाराच्या दोन गाड्या समोरासमोर आल्या आणि थांबल्या. पूल एका गाडीपुरता. कुणीतरी मागे सरल्याशिवाय कुणालाच पुढे जाता येणार नव्हतं. आणि निवडणुकीच्या दिवसांत आमच्याकडे अपशकुन नको म्हणून घसरणे, पडणे हे शब्दसुद्धा कुणी तोंडातून काढत नाही. मग गाडी मागे कोण घेणार? तोही प्रचाराचा शेवटचा दिवस.

एक गाडी ह्योदोसाहेबांची. ते सरकारपक्षाचे, जुने खासदार. दुसरी कावानो मास्तरांची, विरोधी पक्षाची. संसदेत दोन्ही पारडी इतकी सारखी, की आमच्या खोऱ्यातली ही जागा ज्याची त्याचं सरकार, असं पेपरवाले लिहीत सुटले होते. झालं, दोन्हीकडची डोकी फिरली. एरवी दोन गाड्या समोरासमोर आल्या की भोंग्यावरून एकमेकांना शुभेच्छा द्यायच्या, ही आमच्याकडची जुनी रीत. यंदा तोक्योहून दोन्ही पक्षांना हुकूम आला होता, समोरच्याशी एक शब्दही बोलायचा नाही.

ह्योदोसाहेबांच्या गाडीत माइक होता मिनेकोकडे. पांढरे हातमोजे घालून खिडकीतून हात हलवायचा आणि साहेबांचं नाव पुकारायचं, यात तिचा जन्म गेला होता. मास्तरांच्या गाडीत तेच काम करत होती तिची मुलगी कोनात्सु. वाक्याच्या शेवटी आवाज कसा उतरवायचा, घसा बसू नये म्हणून आल्याचं पाणी कसं उकळायचं, सगळं आईनेच शिकवलेलं. पण पोरगी मास्तरांकडे गेली आणि मिनेकोचं डोकं फिरलं. "या घराची पायरी चढू नकोस," म्हणाली.

पोरगी आईसारखीच. खरंच चढली नाही. प्रचारात दोघींच्या गाड्या कितीदा तरी समोरून गेल्या, आणि दर वेळी दोघींनी हात हलवायला पलीकडची खिडकी धरली. आज भोंगे बंद होणार, पोरगी शहरात निघून जाणार, आणि मग कशाची येतेय! मिनेकोच्या मनात सकाळपासून हेच घोळत होतं.

ड्रायव्हर तोकुजीने हॉर्न वाजवला. समोरच्यानेही वाजवला. डोंगरउतारावर संत्री तोडणारी माणसं टोपल्या ठेवून खाली आली आणि कठड्याला टेकून तमाशा बघत उभी राहिली.

मिनेकोने माइक उचलला. शुभेच्छा देते, म्हणाली. ह्योदोसाहेब कासावीस झाले, वरून मनाई आहे म्हणाले.

"वरच्यांनी हा पूल बघितलाय का?" असं विचारून तिने बटण दाबलं.

आवाजच निघाला नाही. सकाळपासून बसत आलेला घसा नेमका इथे पार गेला. भोंग्यातून नुसती घरघर खोऱ्यात घुमली. कठड्यावरचं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. ज्या आवाजावर खोऱ्यातली पोरं लहानाची मोठी झाली, तो असा ऐकणं कुणालाच बरं वाटलं नाही.

तेवढ्यात समोरचा भोंगा बोलला. "ह्योदोसाहेबांच्या गाडीला कावानो यांच्या वतीने मनःपूर्वक शुभेच्छा." शेवटी आवाज उतरला, अगदी शिकवला होता तसा.

मास्तरांनी तिला थांबवलं नाही. मग पुन्हा तीच, पण आता पुकारणारी नव्हे, घरातली.

"आई, आल्याचं पाणी घेतलंस का?"

मिनेकोने मान हलवली. नव्हतं घेतलं. तिचे डोळे भरून आले होते.

"निकाल काहीही लागू दे. घरी येऊ का?"

आता आली पंचाईत. सगळं खोरं कान देऊन उभं आणि बाईच्या घशातून अक्षर फुटेना. ती वेड्यासारखी मान डोलवत होती, दोन्ही हात हलवत होती. पण उतरतं ऊन समोरच्या काचेवर पडलेलं, पलीकडून काय दिसणार कपाळ! लेक आपल्या गप्प राहण्याचा भलताच अर्थ घेणार, हे मिनेकोला कळलं आणि तिने माइक सरळ ह्योदोसाहेबांच्या हातात कोंबला.

साहेबांना लिहून दिल्याशिवाय आभारसुद्धा मानता येत नाहीत, हे खोऱ्याला ठाऊक होतं. ते अर्धवट उठले, टपाला डोकं आपटलं, तसेच वाकून उभे राहिले.

"कोनात्सु," ते म्हणाले, "ये म्हणतेय. आजच ये म्हणतेय."

कठड्यावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, कुठल्या पक्षाच्या माणसाने ते कुणी बघितलं नाही. मिनेको मटकन सीटवर बसली. हातमोज्याने डोळे पुसू लागली, इतके दिवस जपलेला मोजा काळा झाला तरी थांबली नाही. त्या गडबडीत एक गाडी मागे सरली. पुलाच्या तोंडाशी गाड्या एकमेकींना खेटून जात होत्या, तेव्हा कोनात्सुच्या खिडकीतून पांढऱ्या मोज्यातला हात बाहेर आला. त्यात थर्मास होता. मिनेकोने थर्मास घेतला, पण हात लवकर सोडला नाही. दोन्ही ड्रायव्हर मुकाट्याने गाड्या थांबवून बसले.

निकाल काय लागला, सरकार कुणाचं आलं, ते पेपरात छापून आलंच. पुलावर मागे कोण सरलं, हा वाद मात्र आमच्याकडे अजून मिटलेला नाही. दोन्ही पक्षांची माणसं शपथेवर सांगतात, आम्हीच सरलो.