शून्य मागण्या

"शून्य," साहेब म्हणाले. तिनंच आणून दिलेल्या अहवालावर त्यांनी लाल पेनानं गोल काढला होता. "तीन आठवडे झाले. अख्ख्या रुग्णालयातून दुरुस्तीची एकही मागणी नाही. म्हणजे दुरुस्तीला माणूस लागतच नाही. चार वाजता बैठक आहे. मिस्त्रींची जागा रद्द करून टाकू."

दुरुस्तीच्या मागण्यांचं सॉफ्टवेअर तिनंच बसवलं होतं. रुग्णालयाच्या नेटवर्कवरच्या त्रेचाळीस कॉम्प्युटरांवर, एकेकापाशी उभं राहून. काय बिघडलं ते लिहायचं, बटण दाबायचं, की मागणी थेट मिस्त्रींच्या फोनवर. पासवर्ड तिनं प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहून दिला होता. आणि आता तिच्याच कामापायी एका माणसाची नोकरी जाणार होती.

नेटवर्कमध्येच कुठेतरी घोडं अडलं असेल, असं तिला वाटलं. घरी तान्ह्या लेकीचं पांघरूण ती जशी उठून उठून बघायची, तसं तिनं सगळं पुन्हा तपासलं. एक खोटी मागणी पाठवून पाहिली. ती क्षणात पोचली. बिघाड कुठंच नव्हता.

मग ती बालरुग्ण विभागात गेली. मिस्त्री शिडीवर चढून पंख्याची पाती उतरवत होते.

"ह्यांना कधी सांगितलंत?" तिनं सिस्टरना विचारलं.

"सकाळी. जिन्यात भेटले, सांगितलं."

"मग कॉम्प्युटरवर का नाही टाकलं?"

सिस्टरनी तिला दंडाला धरून औषधांच्या कपाटामागे नेलं. "हळू बोल गं. इथं काही लेखी गेलं की ते माणसाच्या फाइलला लागतं. आधीच्या मिस्त्रींवर तीन कागद झाले आणि त्यांना घरी बसवलं. तेव्हापासून आम्ही काय ते तोंडी सांगतो. तू नवं खूळ आणलंस म्हणून ह्यांच्या पोटावर पाय द्यायचा होय? सगळ्या वॉर्डांचं ठरलंय. त्या बटणाला कुणी बोट लावायचं नाही."

ती तिथल्याच स्टुलावर बसली. "सिस्टर, कुणीच लिहिलं नाही म्हणूनच त्यांची जागा जातेय. आज चार वाजता."

सिस्टरनी टेबलावरचा फोन ओढला.

"प्रसूती विभाग? मी बोलतेय. लिहा. हो, त्यातच. तीन आठवड्यांत जे जे मोडलं आणि मिस्त्रींनी जोडलं, ते सगळं. ड्युटीच्या वहीत तारखा असतील ना? मग उतरवा की. आणि खालच्या मजल्याला सांगा."

साडेअकराला पहिली मागणी आली: खाटेचं चाक. पाठोपाठ सलाइनचा स्टँड, न्हाणीघराची कडी, ऑपरेशन थिएटरचा दिवा. बारापर्यंत चाळीस. जेवणाची सुट्टी कुणी घेतली नाही. क्ष-किरण विभागातले बाप्ये एका बोटानं टाइप करत होते आणि सिस्टर त्यांच्या मागे उभ्या राहून टोमणे मारत होत्या.

दुपारी मिस्त्री तिच्या खोलीत आले. चेहरा उतरला होता. हातातला फोन थांबायला तयार नव्हता.

"पोरी, माझं काय चुकलं? सगळं रुग्णालय माझ्यावर उठलंय."

"काका, हे तुमच्यावर नाही. तुमच्या बाजूनं आहे." तिनं त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. "आता केलेल्या प्रत्येक कामापुढे 'झालं' दाबा."

त्यांनी चष्मा लावला. अंगठा पुसून एकेक दाबत गेले. तासाभरानं थांबले. "सगळं बरोबर आहे. पण एक खोली राहिली की गं."

त्यांनी सांगितलं. तिनं लिहून घेतलं.

चार वाजता तिनं बैठकीच्या खोलीत यादी पडद्यावर लावली. एकशे सत्त्याऐंशी मागण्या. एकशे चौऱ्याऐंशी कामं झालेली. करणारा माणूस एक.

साहेब हसले. "वा. सकाळी शून्य, दुपारी दोनशेच्या घरात. आज काय, कुणीही काहीही लिहील."

"ड्युटीच्या वह्या बाहेर आहेत, साहेब. तारखा पडताळून बघा," ती म्हणाली. "आणि शेवटच्या नऊ मागण्या तर तुम्हाला वहीशिवायही पडताळता येतील."

तिनं यादी खाली सरकवली. साहेब पुढे वाकून वाचू लागले. खिडकीची काच. टेबलाचा कप्पा. बेसिनचा नळ, दोनदा. खुर्चीचं चाक. पुढचं त्यांनी मनात वाचलं. नऊच्या नऊ मागण्यांपुढे खोली एकच होती: साहेबांची केबिन.

"हे तर..." ते म्हणाले. "हे मी ह्यांना येताजाता सांगितलं होतं."

दाराशी उभ्या मिस्त्रींनी मान हलवली. "हो साहेब. सगळ्यांसारखंच."

साहेबांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला, पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"माझा पासवर्ड काय आहे?"

तिनं सांगितला. ते सावकाश, एकेक अक्षर शोधत टाइप करू लागले. भिंतीवरच्या पडद्यावर उमटलेलं ते सगळ्यांच्या आधी मिस्त्रींनी मोठ्यानं वाचलं:

मागणी क्रमांक एकशे अठ्ठ्याऐंशी. काय हवं: मिस्त्रींच्या जोडीला आणखी एक मिस्त्री. मागणी करणारे: साहेब. मंजूर करणारे: साहेब.