दिवा कशानं विझला

सोपानची जीप ढकलून ढकलून निम्म्या आंबी गावाचे दंड पिळदार झालेले. बायको रतनबाईनं हुकूम सोडला: आज बॅटरी चार्ज होत नसल्याचा लाल दिवा विझला नाही, तर गाडी भंगारात! सोपाननं जुन्या बाजारातला, वीज बनवणारा अल्टरनेटर ओट्यावर उघडून आतल्या चाकाला घासणारे नवे कार्बन घातले नि तो गाडीत बसवला. इंजिन गुरगुरलं, दिवा तसाच. दारात भंगारवाला हजर. “हरलो,” म्हणत सोपान इंजिन बंद करून गाडीचे कागद आणायला गेला. तेवढ्यात रतनबाईला अल्टरनेटरच्या पाठीत आपलीच केसांची पिन दिसली. जोडताना कार्बन दाबून धरायला खोचलेली. गडी काढायला विसरला, कार्बन चाकाला टेकलेच नाहीत, मग वीज कुठली? गप्प बसली असती तर जिंकली असती. तिनं पिन उपसली. “अवं, शेवटचं बघा की!” कागद घेऊन आलेल्या सोपाननं चिडून बॉनेटवर चापट मारली, चावी फिरवली. दिवा विझला! “दिवा चापटीला घाबरला,” सोपान अजून सांगतो. “व्हय,” रतनबाई म्हणते, “म्या बघितलंय.”